ताटात टिकलेले शब्द

‘कोपीत्याम’ हा शब्द दोन तुकड्यांचा आहे, आणि ते दोन तुकडे दोन वेगळ्या बंदरांतून आलेले आहेत. ‘त्याम’ म्हणजे दुकान. चीनच्या फूजियान प्रांताच्या दक्षिणेकडची होक्कियन बोली, तिच्यातला हा शब्द. ‘कोपी’ मात्र मलय. अरबीतला ‘कहवा’ तुर्कीत ‘काहवे’ झाला, डचांच्या तोंडी ‘कोफी’ झाला आणि युरोपीय जहाजांबरोबर आग्नेय आशियात उतरला. मलय भाषेला मुळात ‘फ’ नाही, म्हणून तिथे त्याची ‘कोपी’ झाली. त्याच डच शब्दावरून इंग्रजीने आपला शब्द घडवला आणि इंग्रजीतून तो ‘कॉफी’ होऊन मराठीत आला. म्हणजे आपली कॉफी आणि सिंगापूरची कोपी एकाच घरातल्या.

कोपीत्याम हे नुसतं कॉफीचं दुकान नव्हे. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींच्या तळमजल्यावर ते असतं. एका छपराखाली पाच-सात गाळे, मध्ये सामाईक टेबलं. पेयांचा गाळा बहुधा चालक स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे भाड्याने देतो. कुणाकडे कोंबडी-भात, कुणाकडे शेवयांचे प्रकार, कुणाकडे रोटी. संध्याकाळ झाली की सगळ्यात जोरात चालतो तो ‘झी-चार’चा गाळा. ‘झी’ म्हणजे शिजवणं आणि ‘चार’ म्हणजे परतणं. सगळ्यांनी मिळून वाटून खायचं, मोठ्या आचेवर झटपट केलेलं घरगुती वळणाचं जेवण म्हणजे झी-चार. घरी स्वयंपाक करायचा नसला की आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं कुटुंब लिफ्टने खाली येतं आणि गोल टेबलाभोवती बसतं.

या ‘चार’चा आपल्या चहाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगायला हवं. होक्कियनमध्ये चहाला ‘ते’ म्हणतात. जगातली चहाची बहुतेक नावं दोनच घराण्यांतली आहेत. फूजियानच्या किनाऱ्यावरून डचांनी चहा उचलला, त्यांच्याबरोबर ‘ते’ गेला आणि इंग्रजांचा ‘टी’ त्यातून झाला. चीनच्या इतर भागांतून खुश्कीने, आणि पोर्तुगीजांच्या हातून मकाववरून जो गेला तो ‘चा’. आपला चहा या दुसऱ्या घराण्यातला आहे. सिंगापूरच्या मलय आणि चिनी माणसांचा ‘तेह’ पहिल्या घराण्यातला.

या जागांना इंग्रजीत ‘हॉकर’ हा शब्द जोडलेला असतो. तो इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे आणि उत्तर जर्मनीतल्या ‘होकर’ या शब्दावरून आलेला आहे. अर्थ फिरता विक्रेता. मराठीत आपण फेरीवरून ‘फेरीवाला’ केला आणि 2014 च्या कायद्याने त्याला ‘पथविक्रेता’ असं कागदोपत्री नाव दिलं. सिंगापूरमध्ये 1968-69 साली सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी झाली. 1971 ते 1986 या काळात त्यांना रस्त्यावरून उचलून नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या सरकारी केंद्रांत बसवण्यात आलं. माणूस फिरायचा थांबला, पण नाव फिरत्याचंच राहिलं. 2020 साली युनेस्कोने तिथल्या या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. कोपीत्याम या सरकारी केंद्रांपेक्षा वेगळं, खासगी चालकाचं. पण जेवणाची आणि बोलण्याची तऱ्हा दोन्हीकडे एकच.

मला जे सांगायचं आहे ते या बोलण्याच्या तऱ्हेबद्दल. आधी पेयांच्या गाळ्यापाशी जाऊ.

नुसती ‘कोपी’ मागितली तर घट्ट गोड दूध घातलेली कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे दुधाविना. ‘ओ’ म्हणजे होक्कियनमध्ये काळा. ‘कोपी-सी’ म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि वर साखर. हा ‘सी’ दुधाच्या एका डबाबंद ब्रँडच्या आद्याक्षरावरून आला असं बरेच जण सांगतात. दुसरं मत असं, की हैनानी बोलीत ताज्याला ‘सी’ म्हणतात, त्यावरून तो आला. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर दुसऱ्या मतात दम आहे. हैनान बेटावरचे लोक सिंगापूरला इतर चिन्यांच्या मानाने उशिरा पोचले. तोवर मोठे धंदे होक्कियन, तेओच्यू आणि कँटनी लोकांच्या हाती गेले होते. मग हैनानी माणूस युरोपियनांच्या घरी आणि हॉटेलांत स्वयंपाकी म्हणून राहिला, कॉफी-टोस्ट शिकला आणि पुढे त्याने स्वतःचं दुकान थाटलं. बिया साखर आणि लोणी किंवा मार्गारिन घालून काळ्याभोर भाजायच्या आणि लांब कापडी पिशवीतून कॉफी गाळायची, ही त्याची रीत आजही चालू आहे.

साखर नको असेल तर ‘कोसोंग’ म्हणायचं. हा मलय शब्द, अर्थ रिकामं, शून्य. बर्फ हवा तर ‘पेंग’, तो होक्कियन. कडक हवी तर ‘गाव’, पातळ हवी तर ‘पो’. आपल्या इराण्याकडे ‘पानी कम’ म्हटल्यावर जो अर्थ होतो तोच ‘गाव’चा. गोड कमी हवं तर ‘शाव दाय’. ‘शाव’ म्हणजे कमी आणि ‘दाय’ म्हणजे तळ, असा त्याचा अर्थ लावतात, कारण घट्ट दूध पेल्याच्या तळाशी बसलेलं असतं. आता ‘कोपी-सी कोसोंग पेंग’ ही मागणी पाहा. चार शब्दांत मलय, हैनानी, पुन्हा मलय आणि होक्कियन. मागणारा कदाचित तमिळ असतो, देणारा चिनी असतो आणि दोघांनाही आपण तीन भाषा बोललो याची जाणीव नसते. गाळ्यावरच्या पोरांनी स्वतःचेही शब्द पाडले. मायलोच्या डब्यावर फुटबॉल खेळणारा गडी असायचा, म्हणून मायलोला ‘ताक क्यू’, म्हणजे चेंडू लाथाडणं. दोऱ्याला बांधलेली चहाची पुडी पाण्यात वर-खाली करावी लागते, म्हणून तिला मासे गळाला लावण्याचं नाव.

माझी भाची सिंगापूरला असते. तिच्या इमारतीखाली आम्ही जेवायला बसलो तेव्हा मधोमध मातीच्या भांड्यात माशाच्या डोक्याची करी आली. भेंडी, वांगी, टोमॅटो तिखट-आंबट रश्शात पोहत होते आणि त्यातून माशाचा जबडा वर आलेला होता. शेजारी मिरचीच्या वाटणात परतलेली नाळीची भाजी, आणि वाफाळता भात. त्या करीचं मलय नाव ‘कारी कपाला इकान’. ‘कारी’ तमिळ. ‘इकान’ म्हणजे मासा, हा अस्सल मलय. आणि ‘कपाला’ म्हणजे डोकं, हा संस्कृत ‘कपाल’. संस्कृतात त्याचा अर्थ कवटी. मराठीने तो आखडून भुवयांच्या वरचा भाग एवढाच ठेवला, ते आपलं कपाळ. मलयने तो पसरून सबंध डोक्याला लावला आणि तिथून कचेरीच्या प्रमुखालाही. हा पदार्थ सिंगापूरचाच. केरळहून आलेल्या एम. जे. गोमेझ यांनी 1949 साली तो पहिल्यांदा विकायला ठेवला असं मानलं जातं. आपल्याकडची करी आणि माशाच्या डोक्याला पक्वान्न मानणारं चिनी गिऱ्हाईक, यांची गाठ त्यांनी घालून दिली. पदार्थाच्या नावात तीन भाषा आहेत, कारण पदार्थही तितक्याच हातांतून गेला आहे.

एकदा कान उघडले की त्या टेबलावर ओळखीचे शब्द रांगेने दिसू लागतात. कुटुंबाला मलयमध्ये ‘कलुआर्गा’ म्हणतात. तो ‘कुल’ आणि ‘वर्ग’ मिळून झालेला आहे. किंमत म्हणजे ‘हार्गा’, तो संस्कृत ‘अर्घ’. आपण हा ‘अर्घ’ विसरलो असं वाटतं, पण ‘महार्घ’चं ‘महाग’ झालेलं रूप आपण बाजारात रोज वापरतो. साखर म्हणजे ‘गुला’, तो ‘गुड’. आपल्याकडे त्याचा गूळ झाला. मलाक्काच्या नावाने ओळखली जाणारी माडाची ‘गुला मलाका’ चाखली, तर हा शब्द साखरेला का चिकटला हे जिभेलाच कळतं. सिरक्याला मलयमध्ये ‘चुका’ म्हणतात. संस्कृत ‘चुक्र’ म्हणजे आंबवलेला आंबट रस आणि तशाच चवीची पालेभाजीही. मलयने रस घेतला, आपण भाजी घेतली, आणि दोघांनीही त्याला चुकाच म्हटलं. धने म्हणजे ‘कतुंबार’. तो ‘कुस्तुंबुरु’च्या कुळातला, म्हणजे आपल्या कोथिंबिरीचा सख्खा. सकाळी टोस्टबरोबर अर्धवट उकडलेली दोन अंडी मागताना ‘दुआ बिजी’ म्हणतात. ‘दुआ’ म्हणजे दोन. ‘बिजी’ म्हणजे बीज. लहान गोल वस्तू मोजायच्या तर मलय माणूस त्यांना बिया म्हणून मोजतो.

हे शब्द तिथे गेले कधी? सुमात्रामध्ये पालेंबांगजवळ सापडलेला केदुकन बुकितचा शिलालेख शक 605 चा, म्हणजे इ.स. 683 चा आहे. भाषा जुनी मलय, लिपी दक्षिण भारतातली पल्लव, कालगणना आपण आजही पंचांगात पाहतो ती शकाची, आणि मजकुरात संस्कृत शब्द. मराठीचे सर्वांत जुने कोरीव लेख याच्यानंतरचे. त्यामुळे हे शब्द ‘आपण त्यांना दिले’ असं म्हणणं चूक ठरेल. एका जुन्या साठ्यातून मलय आणि मराठी या दोघींनी आपापल्या गरजेपुरतं घेतलं.

संस्कृतच्या साठ्याखेरीज दुसरा मोठा साठा अरबी-फारसीचा. सिंगापूरमध्ये आल्याचा चहा विकणाऱ्या भारतीय मुसलमानांच्या गाड्यांना ‘सरबत’ गाडे म्हणत. आपलं सरबत थंडगार, त्यांचं कढत. मूळ अरबी धातूचा अर्थ नुसता ‘पिणं’. त्याच धातूतून शराब निघाली आणि युरोपात जाऊन सिरपही निघालं. जेवण मनासारखं झालं की सिंगापूरचा माणूस ‘श्योक’ म्हणतो. मलयमधला हा शब्द अरबी ‘शौक’. अरबीत त्याचा अर्थ ओढ, आपल्याकडे षौक म्हणजे आवड किंवा चैन, आणि तिथे पहिल्या घासाला निघणारा उद्गार.

टेबल अडवून ठेवण्यासाठी तिथे कागदी रुमालांची पुडी टेबलावर टाकून खुशाल खाणं आणायला जातात. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाला आपल्याकडे जो मान, तोच त्या पुडीला. या अडवण्याला ‘चोप’ म्हणतात. शिक्का या अर्थी हिंदुस्थानी ‘छाप’ इंग्रजांनी उचलला. 1886 सालच्या हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात तो सविस्तर नोंदलेला आहे. मलयमध्ये तो ‘चाप’ झाला आणि मलायातल्या चिनी पेढ्यांच्या पाट्यांवर दुकानाच्या नावाआधी ‘चोप’ लिहायची पद्धत पडली. जागेवर आपला शिक्का मारणं, तेच हे ‘चोप’, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

ओळखीचा दिसेल तो प्रत्येक शब्द नात्यातलाच, असं मात्र समजू नये. कोपीत्याममध्ये वाफवलेले ‘पाव’ मिळतात, आत मांस किंवा गोड सारण भरलेले. हा पाव चिनी, अर्थ गुंडाळलेलं. खाणं बांधून घेऊन जायला ‘तापाव’ म्हणतात, त्यातला पावही तोच. आपला पाव पोर्तुगीज ‘पांव’वरून गोव्यामार्गे आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पानिस’ आहे. दोघांचा आवाज एक, पण नातं शून्य. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडची जुनी समजूतही अशीच बिनबुडाची. तसंच टोस्टवर लावायचा खोबरं-अंड्याचा ‘काया’. मलयमध्ये काया म्हणजे श्रीमंत, भरगच्च. आपल्या कायेशी त्याचा संबंध नाही. व्युत्पत्ती सांगताना आवाजावर भरवसा ठेवला की फसगत ठरलेली. शब्द कुठल्या वाटेने आला, कुणी आणला आणि मधले मुक्काम कोणते, हे दाखवता आलं तरच ती व्युत्पत्ती.

आता या सगळ्याचा मथितार्थ. 1979 साली सिंगापूर सरकारने ‘मँडारिन बोला’ ही मोहीम सुरू केली. चिनी लोकांनी होक्कियन, तेओच्यू, कँटनी, हैनानी या बोली सोडून मँडारिन बोलावी, हा तिचा उद्देश. आकाशवाणी-दूरदर्शनवरून बोली हळूहळू काढून टाकण्यात आल्या. परिणाम व्हायचा तो झाला. घरात मुख्यतः चिनी बोली बोलणाऱ्यांचं प्रमाण 2010 च्या जनगणनेत 14.3 टक्के होतं, 2020 मध्ये ते 8.7 टक्क्यांवर आलं. आजीशी बोलायला नातवंडांना भाषा उरली नाही, अशी घरं तिथे खूप आहेत आणि ही हानी लहान नाही. पण तीच नातवंडं खाली येऊन ‘कोपी-ओ पेंग’ मागतात. आजीची बोली त्यांच्या घरातून गेली, पेल्यातून गेली नाही.

याचा पुरावा एका मंडईच्या नावातही आहे. लिटल इंडियातल्या जुन्या बाजाराला लोक ‘तेक्का’ म्हणत. होक्कियनमध्ये त्याचा अर्थ बांबूंच्या पायथ्याशी. 1982 साली नवी इमारत झाली तेव्हा तेच नाव मँडारिन उच्चाराने ‘झूज्याव’ असं लावण्यात आलं. बाजारात येणाऱ्या तमिळ, मलय आणि चिनी बायाबापड्यांनी ते नाव तोंडात घेतलंच नाही. 2000 साली पाटी बदलून पुन्हा तेक्का करावी लागली. आज तिथे दोसा, बिर्याणी आणि माशाच्या डोक्याची करी खायला झुंबड असते.

मराठीचाही अनुभव वेगळा नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचं ते फार मोठं काम होतं. सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण आपल्या ताटातलं सरबत सरबतच राहिलं, पुलाव पुलावच राहिला. कचेरीतला शब्द हुकमाने बदलता येतो, कारण तिथे शब्द कागदावर जगतो. जेवणातला शब्द तोंडावर जगतो आणि तिथे हुकूम चालत नाही. कोकणातले बेने इस्राएल इस्राएलमध्ये स्थायिक झाले, त्यांच्या नातवंडांची बोलभाषा हिब्रू झाली, तरी नवस-शुभकार्यात पोहे-खोबऱ्याचा ‘मलिदा’ होतो आणि त्याला मलिदाच म्हणतात. तो शब्दही मुळात फारसी, ‘मालीदा’, म्हणजे कुस्करलेलं. फारसीतून मराठीत, मराठीतून इस्राएलमध्ये, एका ताटाच्या आधाराने.

म्हणून खाण्यापिण्याच्या जागी ऐकू येणारे शब्द हलके समजू नयेत. भाषेचं सगळ्यात चिवट मूळ तिथे असतं. कोशकारांना घाईत हेच शब्द निसटतात, कारण ते पुस्तकांत येत नाहीत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत आला. त्यानंतर आपल्या हॉटेलांची, टपऱ्यांची आणि खानावळींची बोली पार बदलली. मुंबईचं कटिंग, नागपूरची तर्री, कोल्हापूरचा कट, मिसळीबरोबर मागायचं सँपल, बांधून न्यायचं पार्सल, यांतला प्रत्येक शब्द कुठून तरी निघून, कुणाच्या तरी तोंडून इथवर पोचला आहे. ‘पार्सल’ मूळचा लॅटिनमधल्या लहान भागाचा वाचक. इंग्रजीत तो टपालाचा झाला आणि आपण त्याला आमटीच्या पिशवीपर्यंत आणलं. हा प्रवास कुणी तरी नीट लिहून ठेवला पाहिजे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गल्लीतल्या हॉटेलात, अमृततुल्यात, खानावळीत असा एखादा शब्द कानावर पडला, जो दुसऱ्या गावात समजत नाही, तर तो वहीत लिहा. शब्द, त्याचा नेमका अर्थ, गाव, साल आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला ते. गल्ल्यावर बसणारा जुना माणूस असेल तर त्याला विचारा की हा शब्द त्याने कुणाकडून उचलला. उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या कोशकाराला त्या वहीचाच आधार होईल.